ईएसजीची शीट भरण्याआधी: नाशिकच्या लहान-मध्यम कारखान्यासाठी कामाचा क्रम

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे. या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत गेली काही वर्षं मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतोय. मोठ्या ग्राहकाचा मेल येतो. सोबत ईएसजीची, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांविषयीची एक्सेल शीट, साठ-सत्तर प्रश्न आणि दहा दिवसांची मुदत. मग धावपळ सुरू होते. कोणीतरी पर्यावरण धोरणाचा मजकूर कुठूनतरी उतरवून घेतं, तो फ्रेम होऊन रिसेप्शनला लागतो. गेटजवळ झाडं लावून फोटो काढले जातात. सोलरवाल्याचं कोटेशन टेबलावर पडलेलंच असतं, त्यावर सही होते. आणि 'मागील वर्षातील एकूण ऊर्जा वापर' या रकान्यात अंदाजे आकडा टाकला जातो.

धोरण, झाडं, सोलर या तिन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यांचा क्रम चुकतो. अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या वर्षी अंगावर येतो, कारण ग्राहक तीच शीट पुन्हा पाठवतो आणि विचारतो, "मागच्या वर्षापेक्षा वापर चाळीस टक्के वाढला कसा?" वापर वाढलेला नसतोच, मागचा आकडाच खोटा असतो. म्हणून खाली कामाचा क्रम दिला आहे: आधी मोजणी, मग गळती, मग कचरा आणि पाणी, मग खर्चाचे निर्णय आणि सगळ्यात शेवटी लेखी वचन.

## तयारी: कागद गोळा करण्याआधी तीन निर्णय

पहिला निर्णय, जबाबदार माणूस कोण. बहुतेक ठिकाणी ही फाइल नुकत्याच लागलेल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाते, कारण तिला इंग्रजी आणि एक्सेल चांगलं येतं. तिचा काही दोष नसतो, पण डीजीची (डिझेल जनरेटरची) लॉगबुक मागायला गेली की मेंटेनन्सवाले तिला उभं करत नाहीत. आकड्यांची जबाबदारी मेंटेनन्सच्या प्रमुखाकडे द्या, बिलांची अकाउंट्सकडे, आणि शीटवर सही मालकाची ठेवा. मदतीला ती मुलगी जरूर असू द्या. मात्र ही नावं मालकाने स्वतः, सगळ्यांसमोर सांगायला हवीत. नेतृत्व म्हणजे या कामात एवढंच, पण ते झालं नाही तर पुढचं काहीच होत नाही.

दुसरा निर्णय, हद्द कोणती. आपल्याकडे एकाच घरातल्या दोन फर्म आणि शेजारी शेजारी दोन प्लॉट हे सर्रास असतं. एकाचं कनेक्शन दुसऱ्याला, कॅन्टीन समाईक, टेम्पो तिसऱ्याच नावावर. ग्राहकाला माल कोणत्या फर्मच्या नावाने जातो ते बघा आणि त्या मालाला हात लागणाऱ्या सगळ्या जागा हद्दीत घ्या. भाड्याचं गोडाऊनसुद्धा. हे एका कागदावर लिहून, तारीख टाकून फाइलला लावा.

तिसरा, वर्ष. एप्रिल ते मार्च. नुकतंच पूर्ण झालेलं आर्थिक वर्ष हे तुमचं आधारवर्ष. कॅलेंडर वर्ष घेऊ नका, अकाउंट्सशी कधीच जुळणार नाही.

आता कागद. बारा महिन्यांची लाइट बिलं, प्रत्येक मीटरची वेगळी. डिझेलची बिलं आणि डीजीची लॉगबुक. सिलिंडर किंवा पाइप गॅसची बिलं. एमआयडीसीची पाणी बिलं आणि टँकरची चलनं. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र, त्याच्या सगळ्या पानांसकट. घातक कचरा पाठवल्याच्या पावत्या आणि भंगार विक्रीची बिलं. हजेरीपट, कंत्राटदाराची पीएफची चलनं, अपघात नोंदवही. आणि वर्षभरात किती टन माल बाहेर गेला, तो आकडा.

> तपासा: लाइट बिलं बाराच आहेत ना? एखादं हरवलं असेल तर महावितरणच्या पोर्टलवरून काढा. "साधारण तेवढंच असेल" म्हणून शेजारच्या महिन्याचा आकडा घालू नका.

## टप्पा १: कोण काय मागतंय ते वेगळं करा

गोंधळाचं निम्मं कारण हे आहे की कायदा, ग्राहकाची अट आणि नुसती ऐकीव गोष्ट यांची सरमिसळ होते.

सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण आणि समाजविषयक जबाबदारीचा अहवाल द्यावाच लागतो. २०२३ मध्ये त्यात पुरवठादारांची माहितीही आली, पण ती पहिल्या २५० कंपन्यांपुरती. २०२५ मध्ये सेबीने हा पुरवठादारांचा भाग ऐच्छिक केला. म्हणजे तुमच्या तीस कोटींच्या मशीन शॉपवर हा कायदा थेट लागू नाही. ग्राहक विचारतो तो त्याच्या स्वतःच्या अहवालासाठी किंवा त्याच्या परदेशी मूळ कंपनीसाठी. त्याचं उत्तर देणं हा धंद्याचा भाग आहे आणि ते नीट द्यायला हवं. "सरकारने सक्ती केली" असं सांगत येणाऱ्या सल्लागाराला मात्र नियम दाखवायला सांगा.

युरोपात नट-बोल्ट, फोर्जिंग किंवा ॲल्युमिनियमचा माल पाठवणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. युरोपीय संघाची सीबीएएम ही सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष सुरू झाली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज हे तिचे विषय, आणि स्क्रू, नट, बोल्ट त्यात येतात. आकारणी तिथल्या आयातदारावर आहे, तुमच्यावर नाही. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला त्यातून सूट आहे. पण मोठा आयातदार तुमच्याकडून प्रति टन उत्सर्जनाचा आकडा मागणारच, आणि त्यात तुम्ही घेतलेल्या पोलादाचं उत्सर्जनही धरावं लागतं. तो आकडा स्टील मिलकडून यायला वेळ लागतो. ऑर्डर हातात असताना मागू नका, आजच पत्र टाका.

आणि तिसरं, जे कोणी विचारो न विचारो तुमच्यावर लागू आहेच: मंडळाच्या संमतिपत्रातल्या अटी. ग्राहकाच्या शीटमध्ये उत्कृष्ट गुण मिळवून संमतिपत्राची मुदत संपलेला कारखाना मी बघितला आहे. पहिल्याच ऑडिटला तिथे सगळं थांबलं.

एका कोऱ्या कागदावर तीन रकाने करा: कायदा, ग्राहक, आपली इच्छा. प्रत्येक मागणी एका रकान्यात बसवा. पहिल्या रकान्यातलं काम आधी.

## टप्पा २: बारा महिन्यांची मोजणी

उत्सर्जनाचे तीन भाग करतात. तुमच्या आवारात किंवा तुमच्या मालकीच्या गाडीत जळालेलं इंधन हा पहिला, म्हणजे स्कोप एक. विकत घेतलेली वीज हा दुसरा. बाकी सगळं, म्हणजे कच्चा माल, भाड्याचा टेम्पो, कामगारांचं येणं-जाणं, हा तिसरा. पहिल्या वर्षी एक आणि दोन पूर्ण करा. तिसऱ्याचे १५ प्रकार आहेत, त्यातला पोलादाचा आणि वाहतुकीचा एवढेच घ्या. पंधराच्या पंधरा भरायला गेलेल्या माणसाचं पहिलंही पूर्ण होत नाही.

एक उदाहरण घेऊ. महिन्याला ४०,००० युनिट वापरणारं मशीन शॉप.

वीज: वर्षाला ४,८०,००० युनिट. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा गुणक जाहीर करतं. तुम्ही कोणत्या वर्षाचा घेतला ते शीटमध्ये लिहा. ०.७ ने धरलं तर ३३६ टन.

डिझेल: ३,००० लिटर. लिटरमागे सुमारे २.६८ किलो, म्हणजे ८ टन.

एलपीजी: १९ किलोचे ६० सिलिंडर, म्हणजे १,१४० किलो. किलोमागे सुमारे ३ किलो, म्हणजे ३.४ टन.

एकूण साधारण ३४८ टन, आणि त्यात वीज जवळजवळ सगळीच. हे गणित एकदा कागदावर मांडलं की कुठे लक्ष द्यायचं ते मालकाला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

एसी आणि चिलरमधला गॅस बहुतेक सगळेच विसरतात. आर-४१०ए या गॅसचा एक किलो हवेत गेला की त्याचा परिणाम सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका असतो. उन्हाळ्यात दोनदा मिळून चार किलो गॅस भरला असेल, तर तो वरच्या वर्षभराच्या डिझेलइतकाच झाला. सर्व्हिसवाल्याच्या बिलावर 'गॅस फिलिंग' एवढंच लिहिलेलं असतं. किती किलो आणि कोणता, ते त्याच्याकडून लिहून घ्या.

आता लाइट बिलातल्या चुका. या मी स्वतः केल्या आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

एचटी (उच्चदाब) बिलावर दोन आकडे शेजारी शेजारी असतात, केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले युनिट, आणि केव्हीएएच, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून येणारा आकडा. महाराष्ट्रात एचटी ग्राहकाचं बिलिंग २०२० पासून केव्हीएएचवर होतं, म्हणून नजर आपोआप तिकडे जाते. पण उत्सर्जनाच्या गणिताला केडब्ल्यूएच लागतं. एका कारखान्यासाठी मी पूर्ण वर्षाची बेरीज केव्हीएएचची केली होती. शीट ग्राहकाकडे गेलीसुद्धा. तिथल्या ऑडिटरने एका महिन्याचं बिल मागितलं, दोन मिनिटांत फरक दाखवला, आणि मग बाकीच्या प्रत्येक आकड्याचा पुरावा मागितला. मालकाने माझ्यावर विश्वास टाकून त्या शीटवर सही केली होती. तेव्हापासून मी कुठल्याही कारखान्यात पहिलं बिल मालकाच्या शेजारी बसून, बोट ठेवून वाचतो.

सोलर आधीच असेल तर दुसरी चूक होते. नेट मीटरिंगच्या बिलावर दिसतो तो देण्याघेण्याचा हिशेब. तुमचा खरा वापर म्हणजे ग्रिडमधून घेतलेली वीज, अधिक पॅनलवर तयार झालेली, वजा ग्रिडला परत दिलेली. पॅनलचं उत्पादन न मिळवता वापर दाखवला तर कारखाना एका वर्षात तीस टक्के काटकसरी झाल्यासारखा दिसतो, आणि ते कुणालाही पटत नाही.

तिसरी, डिझेल. खरेदीची बिलं आणि लॉगबुक जुळत नाहीत, कारण त्याच कॅनमधून टेम्पोतही ओतलं जातं. डीजीने एका लिटरमागे तीन-साडेतीन युनिट द्यायला हवेत. लॉगबुकमध्ये दोनच दिसत असतील तर एकतर डीजी फारच कमी लोडवर चालतोय किंवा डिझेल दुसरीकडे जातंय.

शेवटी एकूण आकड्याला उत्पादनाने भागा. ३४८ टन भागिले १,२०० टन माल, म्हणजे प्रति टन ०.२९. जॉबवर्क करणाऱ्यांनी टन घेऊ नयेत. आज जड कास्टिंग आलं, उद्या हलका शाफ्ट, की आकडा उगाच वर-खाली होतो. तिथे मशीनचे तास घ्या. एकदा ठरवलं की तीन वर्षं तेच ठेवा.

> इशारा: लावलेली झाडं या बेरजेतून वजा करू नका. ती वेगळ्या रकान्यात लिहायची असतात. वजा केलेली दिसली की ऑडिटर पूर्ण शीटकडेच संशयाने बघतो.

## टप्पा ३: सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये फिरा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि तोच सगळे गाळतात.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी मेंटेनन्सच्या माणसाला घेऊन शेडमध्ये जा. सगळी मशीन बंद, पंखे बंद. फक्त कॉम्प्रेसर चालू करा, लाइनमध्ये नेहमीचा दाब येऊ द्या आणि दोन मिनिटं गप्प उभे राहा. एरवी आवाजात बुडालेली हवा त्या दिवशी ऐकू येते. अंबडच्या एका शेडमध्ये मी असाच उभा होतो. तिथले जुने ऑपरेटर नाना डोळे मिटून चालत गेले आणि एकामागून एक हात ठेवत गेले: ग्राइंडरमागचा कपलर, हवा गाळणाऱ्या एफआरएलची वाटी, छताजवळचा बेंड, एका बंद करून ठेवलेल्या मशीनला अजून जोडलेली नळी. "साहेब, ही मशीन दोन वर्षं बंद आहे, हवा मात्र रोज खाते," ते म्हणाले. बावीस ठिकाणं निघाली. बहुतेकांना लागलं ते टेफ्लॉन टेप, क्लॅम्प आणि दोन-तीनशे रुपयांचे कपलर.

मोजायचं कसं? मशीन बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर जातो (हवा दाबतो) आणि किती वेळ अनलोड (रिकामा फिरत) राहतो, ते घड्याळ लावून पाच-सहा फेऱ्या लिहा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड असेल तर गळती २५ टक्के. चांगल्या देखभालीच्या लाइनमध्ये ती १० च्या आत असते.

३० किलोवॅटचा, १८० सीएफएमचा (मिनिटाला १८० घनफूट हवा देणारा) कॉम्प्रेसर असेल तर २५ टक्के म्हणजे ४५ सीएफएम. तेवढी हवा दाबायला साधारण साडेसात किलोवॅट लागतात. वर्षाचे ६,००० तास धरले तर ४५,००० युनिट. आपल्या बिलातल्या दराने गुणा. नऊ रुपये धरले तरी चार लाखांच्या वर जातात. आणि हा आकडा लक्षात ठेवा, कारण छतावरचं १ किलोवॅट सोलर वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. म्हणजे त्या शेडमधल्या गळतीलाच ३२ किलोवॅटचे पॅनल लागले असते.

व्हीएफडी, म्हणजे गरजेनुसार वेग बदलणारा कॉम्प्रेसर असेल तर लोड-अनलोडची ही पद्धत चालत नाही. रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) पुढचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कॉम्प्रेसर बंद करा आणि दाब किती वेळात उतरतो ते लिहा. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच करा आणि तुलना करा.

त्याच फेरीत दाब किती ठेवलाय ते बघा. लाइनच्या टोकाच्या एखाद्या फिक्स्चरला हवा कमी पडते म्हणून कधीतरी कोणी सेटिंग वाढवतं आणि ते तसंच राहतं. दाब एक बारने कमी केला की कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. टोकाला एक छोटी टाकी बसवा आणि दाब हळूहळू, अर्ध्या बारने, खाली आणा. एकदम उतरवलात तर रिजेक्शन वाढेल आणि पुन्हा कोणी तुमचं ऐकणार नाही.

फर्नेस, ओव्हन, कूलिंग टॉवरचे पंप, रात्री चालू राहणारे हायड्रॉलिक पॅक यांचीही अशीच फेरी मारा. जेवणाच्या सुट्टीत कोणती मोटर गरज नसताना फिरतेय, एवढं जरी लिहिलं तरी पान भरतं.

> तपासा: दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आकडा तारखेसह लिहिलाय ना? गळतीची यादी आणि कपलरची बिलं जपून ठेवा. ग्राहकाला लागणारा पुरावा तोच.

## टप्पा ४: कचरा आणि पाणी

संमतिपत्र उघडा आणि घातक कचऱ्याचा तक्ता काढा. त्यात क्रमांक असतात: वापरलेलं तेल ५.१, रिकामे बॅरल ३३.१, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा) गाळ ३५.३, फॉस्फेटचा गाळ १२.५. प्रत्येकासमोर प्रमाण आणि एकक. आता तुमची नोंदवही शेजारी ठेवा. नेहमीची गडबड एककात सापडते. संमतिपत्रात बॅरल नगात, नोंदवहीत किलोत, वार्षिक विवरणात टनात, आणि तीनही एकमेकांशी जुळत नाहीत. एक एकक ठरवा, रूपांतर कसं केलं ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.

घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. बॅरलवर लेबल आणि साठवायला सुरुवात केल्याची तारीख हवी. पाठवताना फॉर्म १० ची पावती, दरवर्षी ३० जूनपूर्वी फॉर्म ४ चं विवरण, ३० सप्टेंबरपूर्वी पर्यावरण विवरणपत्र. या दोन तारखा मालकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

> इशारा: वापरलेलं तेल भंगारवाल्याला देऊ नका, किलोमागे चार पैसे जास्त मिळाले तरी. घेणाऱ्याकडे मंडळाची अधिकृत परवानगी आहे का, ती कधीपर्यंत आहे, याची प्रत घेतल्याशिवाय बॅरल गेटबाहेर जाऊ नये.

मशीन शॉपमध्ये सगळ्यात दुर्लक्षित कोपरा म्हणजे चिप्सची, धातूच्या कातणाची बिन. कूलंटने (मशीनवर सोडायच्या गार करणाऱ्या द्रवाने) भिजलेल्या चिप्स उघड्यावर पडून असतात, खालून थेंब थेंब गळत राहतो. मे महिन्यात काही दिसत नाही. जूनचा पहिला दणकेबाज पाऊस झाला की गेटजवळच्या गटारीच्या पाण्यावर निळा-जांभळा तवंग चढतो. ते पाणी पावसाळी नाल्यातून पुढे नंदिनीत आणि तिथून गोदावरीत जातं. रामकुंडावर हात जोडणारे आपणच, आणि त्याच गोदावरीत तवंग सोडणारेही आपणच, हे मला बघवत नाही. सिंहस्थ तोंडावर असताना तर अजिबातच नाही. उपाय साधा आहे: बिनवर शेड, खाली उताराची काँक्रीट पट्टी, कडेला खड्डा, आणि जमलेला कूलंट पुन्हा वापरायला गाळणी. मोठ्या शॉपला चिप पिळणारं मशीन परवडतं. निथळलेल्या चिप्सला भंगारात भावही बरा येतो. हे काम मे संपायच्या आत पूर्ण करा.

पाण्याचा हिशेब करताना एमआयडीसीचं बिल तेवढं घेतलं जातं. बोअर आणि टँकर राहून जातात. बोअरला मीटर बसवा. पडताळणी म्हणून माणशी, पाळीला ४५ लिटर घरगुती वापर धरा. शंभर माणसांना दिवसाला साडेचार हजार लिटर. तुमच्याकडे प्रक्रियेला पाणी लागत नाही आणि तरी वापर पंधरा हजार असेल, तर जमिनीखालची पाइपलाइन किंवा संडासाच्या टाक्या तपासा. प्लेटिंगवाल्यांनी धुण्याच्या टाक्यांचा क्रम बघावा. एका टाकीत सतत नळ सोडून धुण्यापेक्षा, पाणी मालाच्या उलट दिशेने जाईल अशा दोन-तीन टाक्या लावल्या की पाणीही कमी लागतं आणि ईटीपीवरचा भारही उतरतो.

## टप्पा ५: माणसांचे रकाने

शीटच्या या भागात सगळे घाईने 'होय' लिहून मोकळे होतात. कंत्राटी कामगार मोजलेच जात नाहीत. दीडशेपैकी नव्वद कंत्राटी असताना 'एकूण कर्मचारी ६०' असं लिहिलेलं मी पाहिलंय. ऑडिटर गेटवरचं रजिस्टर बघतो आणि विचारतो.

कायम आणि कंत्राटी, स्त्री आणि पुरुष वेगळे मोजा. कंत्राटदाराचं पीएफचं चलन दरमहा घ्या आणि त्यातल्या नावांची यादी हजेरीशी ताडून बघा. अपघात नोंदवहीत पूर्ण वर्षात एकही नोंद नसेल तर ती फुशारकीची गोष्ट नाही. प्रेस शॉपमध्ये बोटाला साधं कापलंही नाही यावर कोण विश्वास ठेवेल? थोडक्यात चुकलेले अपघात लिहायला लावा आणि लिहिणाऱ्याला कोणी बोलणार नाही, हे मालकाने स्वतः सांगा.

## टप्पा ६: आता खर्चाचे निर्णय

मोजणी आणि गळती झाल्यावर एक यादी करा: काम, खर्च, वर्षाला वाचणारे युनिट किंवा लिटर, पैसे वसूल व्हायला लागणारे महिने. वर्षाच्या आत वसूल होणारी कामं आधी, आणि त्यांना मालकाच्या वेगळ्या मंजुरीची गरज नको. दोन लाखांपर्यंतचा अधिकार मेंटेनन्सला द्या. तसं केलं नाही तर तीन हजारांच्या कपलरसाठी फाइल महिनाभर फिरते.

सोलर इथे येतं. १०० किलोवॅटला साधारण दहा हजार चौरस फूट छत लागतं आणि वर्षाला सुमारे १,४०,००० युनिट मिळतात. गळती काढल्यानंतरच्या वापरावर क्षमता ठरवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पॅनल लावण्याआधी ट्रस तपासून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. करारात पॅनल धुण्याची जबाबदारी आणि दरवर्षीच्या किमान उत्पादनाची हमी लिहून घ्या. सिन्नरच्या धुळीत न धुतलेले पॅनल काय देतात ते बिलावरच दिसतं.

केंद्राच्या झेड (मालात दोष नको, पर्यावरणाला इजा नको) या प्रमाणपत्राला अनुदान आहे: सूक्ष्म उद्योगाला शुल्काच्या ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५०. ब्राँझ या पहिल्या पायरीपासून सुरुवात करता येते. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगाची सरकारी नोंद) ताजी आहे का ते आधी बघा, कारण १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या आहेत. लघु उद्योगाची उलाढाल मर्यादा आता १०० कोटी आहे, आणि जुन्या हिशेबाने स्वतःला मध्यम समजणारे अनेकजण प्रत्यक्षात लघुमध्ये बसतात. निमा आणि आयमा या आपल्या संघटनांत असं काम आधी केलेले सभासद भेटतात. सल्लागाराला पैसे देण्याआधी त्यांच्याकडे एक चक्कर मारा.

## टप्पा ७: लक्ष्य, धोरण आणि शीट

आता धोरण लिहा. एक पान, मराठीत, शॉप फ्लोअरवर लावायचं, आणि ग्राहकासाठी त्याचं इंग्रजी. त्यात फक्त तेच लिहा जे तुम्ही मोजता.

लक्ष्य ठरवताना '२०३० पर्यंत नेट झीरो' असं लिहू नका. देशाने स्वतः २०७० चं साल जाहीर केलेलं आहे. तुमची वीज ग्रिडवरून येते आणि ग्रिड तुमच्या हातात नाही. 'आधारवर्षाच्या तुलनेत प्रति टन वीज वापर तीन वर्षांत १५ टक्के कमी' हे वाचायला लहान वाटतं, पण त्याच्यामागे कामांची यादी आहे. ती यादी धोरणाला जोडा.

शीटमध्ये जिथे उत्तर 'नाही' आहे तिथे 'नाही' लिहा आणि पुढे 'अमुक महिन्यापर्यंत करणार' असं लिहा. तारखेसकट आलेला नकार ग्राहकाला चालतो. पुराव्याशिवायचा होकार चालत नाही. प्रत्येक आकड्यासमोर पुराव्याच्या कागदाचा क्रमांक टाका आणि पाठवलेल्या शीटची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी उत्तर देणारा माणूस बदलला तरी हिशेब तुटत नाही.

## टप्पा ८: दर महिन्याची पाऊण तासाची बैठक

दहा तारखेच्या आत. मालक, मेंटेनन्स, प्रॉडक्शन, अकाउंट्स. एकच पान: युनिट, डिझेल, पाणी, कचरा, अपघात, प्रति टन आकडा, आणि मागच्या वर्षीचा तोच महिना. तीन महिने ही बैठक मालकाशिवाय झाली की चौथ्या महिन्यात ती होत नाही, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता मालकाची वेळ ठरल्याशिवाय मी पहिली बैठकच लावत नाही.

प्रॉडक्शनवाल्याला तिथे बोलू द्या. वीज वाढली ती नवीन पार्टच्या ट्रायलमुळे की रात्रपाळीत मशीन रिकामी चालल्यामुळे, हे त्यालाच माहीत असतं.

आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी, दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी, आवारात एक फेरी मारा. मुख्य मीटर, सोलरचा मीटर, बोअर, एमआयडीसीचं पाणी, डीजीचे तास, डिझेलच्या टाकीची पातळी, शिल्लक बॅरल. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो, तारीख दिसेल असा. बिलाच्या वाचनाची तारीख आणि आर्थिक वर्षाची अखेर जुळली नाही तरी या फोटोंवरून फरक काढता येतो.